मोहरी तडतडली पाहिजे

जीवन मला पाहायला बाळापूरला आला, तेव्हा त्याने स्वयंपाक येतो का हे विचारलं नाही. शिक्षण किती, हेही विचारलं नाही. "गाते का?" एवढंच विचारलं. माझे बाबा खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, "घरातल्या घरात गाते. स्टेजवर नाई गात आमची रागिणी." मी मात्र तिथेच, पोह्यांच्या बशा समोर असताना, गायले. माझा आवाज खालचा आहे, घोगरा आहे. आमच्या गावात त्याला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. जीवन मान खाली घालून ऐकत राहिला आणि घरी जायच्या आधीच होकार देऊन बसला. मला वाटलं, या माणसाला माझा आवाज आवडला. आवडलाच होता म्हणा. कशासाठी आवडला होता, ते कळायला मला अकोल्यापर्यंत जावं लागलं.

सासर वलगावचं. काळी जमीन, तिच्यात झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या आणि अमरावतीच्या फूलबाजारात न्यायच्या. बाजार माझी सासू पाहायची. गंगूबाई म्हटलं की तिथले सगळे व्यापारी आधी चप्पल सरळ करतात. माझ्याबद्दल तिचं पहिलं मत तिने लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, "फोनवर बोलली त मले वाटलं तिचा भाऊ बोलून राहिला." पण मनात ठेवून वागणारी बाई नाही ती. जे असेल ते तोंडावर.

आणि जीवन. त्याला कोणी काय करता असं विचारलं की तो "फुलांची शेती" म्हणायचा, पण तोंड असं करायचा की जणू शेजाऱ्याचं सामान सांभाळत बसलाय आणि शेजारी परत येईना. तो गिटार वाजवायचा. चांगली वाजवायचा, हे मी रागात असूनही सांगते. चांदूर रेल्वेचा संघपाल मोटरसायकलवर यायचा आणि ड्रम वाजवायचा. मी गायचे. गाणी माझीच होती. पहिलं गाणं मी शेवंतीच्या वाफ्यात बसून रचलं. 'फुलं तोडता तोडता बोटं झाले पिवये', असं ते सुरू व्हायचं. आमच्याकडे पिवळ्याला पिवयंच म्हणतात, म्हणून तसंच ठेवलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत झेंडूने हात दिला आणि जीवनने नागपूरहून एक अॅम्प आणला. अॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. ही परदेशातली होती, काचेच्या नळ्यांवर चालणारी, आरडाओरडीचं संगीत वाजवणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेली. एका हौशी पोराने मागवली होती आणि त्याच्या आईबापाने ती घराबाहेर काढायला लावली होती. का लावली, ते आम्हाला त्याच दिवशी समजलं. जीवनने ओसरीत ती सुरू केली, तार छेडली, आणि शेजारच्या दोन म्हशी दावं तोडायला निघाल्या. गंगूबाई म्हणाली, "हे घरात राहीन नाई त मी राहीन."

म्हणून ती पेटी शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेली.

जीवनला आरडाओरड नको होती. त्याला गुळगुळीत आवाजही नको होता. त्याला हवा होता तो मधला, थोडा फाटलेला, थोडा करकरीत. क्रंच म्हणतात त्याला. हलकं छेडलं तर साफ, जोरात मारलं तर दात दाखवणारा. मला तो समजावून सांगायला लागला आणि मीच म्हटलं, "म्हंजे फोडणी. तेल गार राह्यलं त मोहरी तडतडत नाई, धुरावलं त जयते." तो इतका खूश झाला की त्या दिवसापासून आमच्यात तोच शब्द. मोहरी तडतडली का? नाई, जयली.

पण जाळण्यासाठीच बनवलेल्या पेटीकडून फोडणी करून घेणं सोपं नव्हतं. तिच्यावर एक बटण होतं गेनचं, म्हणजे आवाज आतल्या आत किती तापवायचा त्याचं. दुसरं मास्टरचं, म्हणजे तो बाहेर किती सोडायचा त्याचं. गेन जरा हलवला की माश्या घोंगावायच्या. मागे घेतला की आवाज मेलेला. जीवनने गेन अगदी खाली आणला आणि मास्टर भरपूर उघडला. गिटारवरचं बटणही पूर्ण न ठेवता अर्ध्याच्या थोडं वर ठेवलं. पहिली नळी काढून तिच्या जागी जरा सौम्य नळी बसवली. महिन्यांमागून महिने हे चाललं. मी बाजूला उभी राहून तीच ओळ म्हणायचे आणि तो तेच चार स्वर वाजवून बटण केसभर फिरवायचा. आणि मग एका दुपारी मोहरी तडतडली. गिटार माझ्या आवाजाच्या दोन्ही बाजूंनी चालली, वर बसली नाही. माझा घोगरा आवाज मला पहिल्यांदाच देखणा वाटला. मी रडले. संघपाल म्हणाला, "वैनी, हे असंच्या असं ठेवा, हात नका लावू कोणी." जीवनने माझी नेलपॉलिशची बाटली मागवली आणि प्रत्येक बटणाशी लाल खूण केली.

आता शेतातल्या लाइनचं सांगितलं पाहिजे. शेतातली वीज आपल्या मर्जीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणून सगळ्यांनी मोटारींना ऑटो लावलेला असतो. लाइन आली की माणूस तिथे असो नसो, मोटार आपोआप चालू. त्यामुळे लाइन आली रे आली की अख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम पाणी ओढायला लागतात आणि खोलीतला जुना बल्ब हळदीसारखा पिवळा पडतो. याचं आम्हाला नवल नव्हतं. शेतातला बल्ब पिवळाच असतो. आम्ही दिवसाची लाइन असली की जायचो, मोटारी घरघरायच्या आणि त्यातच आमची प्रॅक्टिस व्हायची. शेजारचे नत्थुजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ऐकायचे आणि आपल्या पाण्याचा पाट फुटला तरी उठायचे नाहीत.

एकदाच गडबड झाली. नत्थुजींच्या बाजूची केबल जळाली, अर्ध्या शिवाराच्या मोटारी बंद होत्या. शिवार निम्मं शांत होतं, खोलीतला बल्ब चांगला लख्ख होता. मी गायला सुरुवात केली आणि गिटार अंगावर आली. खुणा जिथल्या तिथे, पण मोहरी जळत होती. जीवनने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुया आवाज बसला आज," तो म्हणाला.

"माया आवाज बराबर हाय."

"नाई. बसला. म्हणून गिटार वर वाटून राहिली. जेष्ठमध खाय."

मी आठवडाभर ज्येष्ठमध चघळलं. केबल जोडली गेली, मोटारी सुरू झाल्या, आवाज पुन्हा गोड झाला. जीवन म्हणाला, पाहा, सांगितलं होतं ना. आणि मीही मान्य केलं. नवरा संगीतातला, त्याला कळत असेल, असं मला वाटलं. आता आठवलं की मला माझी चीड येत नाही, त्याचीच येते.

मग अकोल्याचं ठरलं. तिथल्या एका सभागृहात वऱ्हाडातल्या नव्या गाण्यांचा कार्यक्रम होता, ज्याने रचलं त्यानेच गायचं. आमचं नाव निवडलं गेलं. गंगूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि टोपलीला दोरी बांधता बांधता निकाल दिला.

"जाऊन ये. लोकायनं म्हटलं का रागिणी गाते, त मी काई बोलणार नाई, बाजार मी एकटी पाहीन. नाई म्हटलं, त मंग गाणं खुंटीले टांगायचं अन् माया संग बाजारात यायचं. माये गुडघे गेले आता."

मला हे वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, किती सरळ बाई. मी बाळापूरला फोन केला. बाबांना म्हटलं, अकोला तुम्हाला जवळ आहे, या. त्यांनी आधी तारीख विचारली. मग म्हणाले, "येतो. पाहू त खरं."

ते आले. तिसऱ्या ओळीत बसले होते, लग्नातला कोट घालून. मला पडद्याच्या फटीतून दिसत होते. ज्या माणसाने मला स्टेजवर गाऊ दिलं नाही, तो माझं स्टेजवरचं गाणं ऐकायला कोट घालून आला होता. मला दुसरं काही नको होतं. बक्षीस नको, टाळ्या नको. माझा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोचावा आणि बाबांनी तो ऐकावा, एवढंच.

सभागृहाबाहेर भलामोठा जनरेटर उभा होता. स्टेजवरचे दिवे असे पांढरेफटक की डोळ्यांना टोचत होते. तपासणी म्हणजे माइकवाल्याने "हॅलो हॅलो" म्हटलं, तेवढीच. संघपाल आणि जीवनने पेटी जागेवर लावली. जीवनने सगळी बटणं लाल खुणांवर आणली, माझ्याकडे पाहून हसला, आणि आमचं नाव पुकारलं.

मी पहिली ओळ घेतली. पहिला शब्द मला ऐकू आला. दुसऱ्या शब्दावर जीवनने हात मारला आणि त्यानंतर मला काहीच ऐकू आलं नाही.

तो आवाज मी ओसरीत ऐकला होता, म्हशी बिथरल्या त्या दिवशी. तेल पेटलं होतं. मी जोर लावला. माझ्यासारख्या खालच्या आवाजाने जोर लावला की तो फक्त फाटतो, वर चढत नाही. जीवन घाबरला. तो गिटार गळ्यात ठेवून पेटीसमोर गुडघ्यावर बसला आणि बटणं फिरवायला लागला. मास्टर कमी केला तर नुसत्या माश्या. गेन खाली नेला तर एकदम काही नाही, पुन्हा वर नेला तर पुन्हा आग. लोकांकडे त्याची पाठ होती, माझ्याकडेही पाठ होती. संघपालने माझ्याकडे पाहून ड्रम अगदी हलका केला. मी गात गात जीवनजवळ गेले आणि माइक बाजूला धरून म्हटलं, "बंद करा थे. मी एकटी गातो."

"एक मिनिट," तो म्हणाला.

"बंद करा!"

"एक मिनिट व, सापडूनच राहिलं."

ते एक मिनिट माझं गाणं होतं. अख्खं गाणं त्या एका मिनिटात गेलं. त्याने एक कळ खाली केली असती, तर मी आणि संघपाल दोघांनी ते निभावून नेलं असतं. मी माझ्या वाफ्यात कोणत्या गिटारीसोबत गात होते? पण बटण फिरवल्याशिवाय त्याला राहवलं नाही. शेवटी मी तोंड हलवत होते, कारण थांबले असते तर तिथेच कोसळले असते.

बाहेर बाबा भेटले. कोटाची बटणं लावून, काढून, पुन्हा लावून झाली. मग म्हणाले, "जवाईबापू लय जोरात वाजवते."

माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय? त्यांनी मला ऐकलंच नव्हतं. बसस्टँडवर जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा आजाऱ्याच्या ठेवतात. तो हात मला अजून आठवतो आणि अजून राग येतो.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. तो आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. त्यात मी नुसती तोंड उघडमीट करते आणि मागे कोणीतरी लोखंड कापल्यासारखा आवाज येतो. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. एका चुलतनणंदेने लिहिलं, आवाजच नाही तर गायचं कायला. गंगूबाईने व्हिडिओ पूर्ण पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाली, "उद्या लवकर उठजो. शेवंतीले गिऱ्हाईक हाय." ती टाकून बोलली नाही. ठरल्याप्रमाणे वागली, एवढंच.

मी बाजार धरला. भाव करायला शिकले. माझा आवाज तिथे चांगला चालतो, खालचा असला तरी गर्दीतून जातो. जीवन मोटारीच्या खोलीत बसून राहायचा. गंमत अशी की परत आणल्यावर पेटी पुन्हा गोड वाजायला लागली होती. त्याच खुणा, तीच मोहरी. तो वेडापिसा झाला. नळ्या बदलल्या, तारा बदलल्या, नागपूरला नेऊन उघडून दाखवली. त्याला झोप लागत नव्हती. मला वाटायचं, माझ्यामुळे लागत नसेल. मी त्याला चहा नेऊन द्यायचे.

उन्हाळ्यात शिवारातली डीपी, म्हणजे सगळ्यांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि तिच्या जागी नवी, मोठी डीपी बसली. लाइन आली, सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तरी बल्ब पांढरा शुभ्रच राहिला. नत्थुजी खूश, मोटारी जळायच्या थांबल्या. त्याच दुपारी जीवन वाफ्यातून पळत आला. झेंडू तुडवत आला, ज्या झेंडूवरून गंगूबाईने कुत्र्यालाही कधी जाऊ दिलं नाही.

"सापडलं! रागिणी, सापडलं! व्होल्टेज व्हतं थे!"

मी उभी राहिले.

"इथं समद्या मोटारी चालू असल्या का व्होल्टेज पडे. नळ्या अर्धपोटी राहे, म्हणून आवाज नरम. आपुन खुणा केल्या त्या अर्धपोटी पेटीच्या. अकोल्याच्या जनरेटरनं तिले पोटभर देलं, अन् ते पेटली! आता नवी डीपी बसली, त इथंबी तसंच वाजून राहिलं. समजलं का तुले?"

मला समजलं. त्याच्यापेक्षा जास्त समजलं. मी विचारलं, "म्हंजे केबल जयली व्हती त्या दिवशी माया आवाज बसला नव्हता."

"कोणत्या दिवशी?"

"ज्या दिवशी तुमी मले जेष्ठमध खाय म्हटलं."

 खरंच आठवत नव्हतं त्याला. "हो, असन," म्हणाला आणि पुढे सांगायला लागला की अमरावतीत जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात डिमरस्टॅट मिळतो, मोठ्या चाकाचा लोखंडी डबा, त्याने व्होल्टेज पाहिजे तेवढं खाली आणता येतं, म्हणजे आता कुठेही, कोणत्याही स्टेजवर, आपल्या शेतातल्यासारखा आवाज. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी वाट पाहत होते. आता म्हणेल की तुझी चूक नव्हती. आता म्हणेल की चल, बाबांना फोन करू. आता आईला सांगेल. तो म्हणाला, "गाडीची चाबी कुठं हाय?"

डिमरस्टॅट आला. मोहरी तडतडायला लागली. एका संध्याकाळी भाकरी खाताना जीवन म्हणाला की पावसाळ्यानंतर अमरावतीत कार्यक्रम आहे, आणि वर्षाली गायला तयार आहे. वर्षाली म्हणजे अकोल्याला आमच्यानंतर गायलेली पोरगी. अमरावतीतच शिकते.

"अन् मी?" मी विचारलं.

"तुले बाजारातून सवड कुठं हाय आता? अन् लोकायले तू दिसली का थो व्हिडिओ आठोते. मी तुया भल्याचंच सांगून राहिलो."

"गाणं कोणतं?"

"गाणं थेच. गाण्याले काय झालं?"

मी भांडले. ते मी इथे लिहीत नाही, कारण सगळ्या घरांत बायका जशा भांडतात तशीच भांडले आणि सकाळी बाजाराला गेले. संघपालने मात्र येणं सोडलं. त्याने मला फोन करून सांगितलं, "वैनी, मले नाई जमत हे." जीवनने दुसरा ड्रमवाला पाहिला.

काल दुपारी मी आणि गंगूबाई झेंडू तोडत होतो. मोटारीच्या खोलीचं दार उघडं होतं. गिटार सुरू झाली. खोटं कशाला बोलू, फार सुंदर वाजली. जशी पाहिजे तशी फुटत होती, ना कमी ना जास्त, आणि मध्ये अगदी माझ्या मापाची जागा मोकळी सोडत होती. त्या जागेत वर्षाली गायला लागली. 'फुलं तोडता तोडता बोटं झाले पिवळे.' पिवळे म्हणाली, स्वच्छ. एकही शब्द बुडाला नाही. धुऱ्यापर्यंत सगळे शब्द आले. नत्थुजी तिकडे मान हलवत होते.

गंगूबाईचे हात थांबले. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं मी समजत होते, पण ती पूर्ण कडवं संपेपर्यंत हलली नाही.

"चांगली गाते व पोरगी," ती म्हणाली. "शब्द न् शब्द समजते. अन् गाणंबी आपल्या वावरातलंच वाटते."

मी फुलं तोडत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मायेनेच बोलली.

"अशी गायली असती तू अकोल्याले, त मी काय अडोलं असतं का तुले?"

"नाई, आई," मी म्हटलं, आणि पुढच्या झाडाकडे वळले, कारण टोपली अजून अर्धीच भरली होती.